मास्तरांची साक्ष

चर्चमधले सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. शाळेतले मास्तर नव्हेत, टेलरमास्तर. गायनमंडळाचे बावीस झगे, पाळकसाहेबांचे दोन, शिवाय चर्चच्या मंडळीतल्या निम्म्याशिम्म्या नवऱ्या मुलींचे पांढरे झगे त्यांच्याच मशीनखालून गेलेले. पाळकसाहेबांचं पोट सुटत चाललंय हे त्यांच्या डॉक्टरांच्या आधी मास्तरांना कळलं होतं. पण मास्तर चकार शब्द बोलले नाहीत. त्यांनी नव्या झग्याच्या शिवणीत दोन बोटं कापड जास्त ठेवलं आणि विषय मिटवला.

दुकान बाजारातल्या एका जिन्याखाली होतं. आत पायमशीन, कापायचं टेबल, एक आरसा, आणि आरशासमोर हात वर करून 'मास्तर, काखेत आवळतंय' म्हणणारं गिऱ्हाईक. तीस वर्षं त्यांनी हे वाक्य ऐकलं होतं आणि त्यांना त्याचा कधी राग आला नाही. आवळत असेल तर आवळतंच की. उसवायचं, सैल करायचं, पुन्हा घालायला द्यायचं. त्यात कोणी कोणाचं मन राखत बसत नाही, म्हणून तर माणसं अंगभर कपडे घालून हिंडतात.

आता दुसरी गोष्ट. मास्तर लिहायचे. हे मंडळीत कोणाला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी कोणाला फरक पडला नसता. दुकान बंद करून घरी आले, जेवले, की इस्त्रीच्या टेबलाशी बसायचे आणि मापांच्या जुन्या वह्यांच्या कोऱ्या पाठीवर गोष्टी लिहायचे. पानाच्या एका बाजूला कुणाची तरी छाती अडतीस, कंबर छत्तीस, दुसऱ्या बाजूला एखादा माणूस मरतोय किंवा प्रेमात पडतोय. वीस वर्षांत साठ-पासष्ट गोष्टी झाल्या. वाचक मात्र एकच. मुलगी बारा वर्षांची असताना तिने एक वाचली होती. 'छान आहे, बाबा,' असं म्हणून त्याच दमात तिने शाळेच्या सहलीची परवानगी मागितली. त्या 'छान'ची खरी किंमत मास्तरांना तेव्हाच कळली.

बायकोला त्यांनी कधी वाचायला दिलं नाही. ती हॉस्पिटलात नर्स. सगळं गाव तिला सिस्टर म्हणायचं, आणि चारचौघांत मास्तरही तसंच म्हणायचे. तिला कुठे वेळ असतो, असं ते स्वतःला सांगत. वेळ नसायचा हे खरंच. पण सिस्टरांना खरं बोलायची सवय होती, हे त्याहून खरं. वॉर्डातल्या पेशंटच्या नातेवाइकांना जी बाई तोंडावर सांगते की आता माणसं बोलावून घ्या, ती नवऱ्याच्या गोष्टीला काय सोडणार? मास्तर घाबरायचे. बाहेरच्या माणसाने सांगितलं तर चालेल, घरातून नको.

आणि हवं तरी काय होतं त्यांना? हारतुरे नको होते. गोष्ट अंगाला बसलीय की नाही, एवढंच कोणीतरी एकदा सांगावं. पन्नाशी उलटली होती. आपण लेखक आहोत, की वह्या खराब करणारा शिंपी आहोत, हे मरण्याआधी कळावं अशी त्यांची फार इच्छा होती.

म्हणून चर्चच्या सूचनाफलकावर तो कागद लागला तेव्हा त्यांनी तो चार वेळा वाचला. 'विश्वासी कलावंत व कथाकथनप्रेमींचे शनिवार-रविवार शिबिर. या, आणि आपल्यातले सर्जन प्रभूच्या चरणी वाहा.' त्याखाली, निवडक कलाकृती मंडळीच्या सुवर्णमहोत्सवी पुस्तकात छापल्या जातील. त्याखाली, चादर आणि उशी ज्याची त्याने आणावी. सर्जन आणि उशी एकाच यादीत आलेली मास्तरांनी प्रथमच पाहिली.

"जा की," सिस्टर बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाल्या. "शिवणकामाचं प्रदर्शन आहे का?"

"नाही. गोष्टी सांगायच्या."

"बरं." सिस्टरांनी दुसरी नाडी बांधली. "रविवारी दुपारी घरच्यांनाही बोलावलंय म्हणे. मी ड्यूटी संपवून परस्पर येते."

"तू येणार?"

"का, येऊ नको?"

"ये की," मास्तर म्हणाले, आणि वही उशीच्या अभ्र्यात आणखी आत सरकवली.

शिबिराची जागा शहराबाहेर, बसच्या शेवटच्या थांब्यावर. पूर्वी तिथे मुलींचं वसतिगृह होतं. लोखंडी खाटा, भिंतीवर 'दिवे बंद करा' अशी पाटी, आणि एक मोठा हॉल. हॉलमध्ये खुर्च्या गोल मांडल्या होत्या. गोलात सगळे समान असतात, असं शिबिरप्रमुखांनी सांगितलं. गोलात शेवटची रांग नसते आणि डुलकी काढता येत नाही, हे त्यांनी सांगितलं नाही, पण ते सगळ्यांना दहा मिनिटांत कळलं.

शिबिरप्रमुख म्हणजे उंच, पांढऱ्या दाढीचा, उकाड्यातही मफलर घालणारा गृहस्थ. वीस वर्षं जाहिरात कंपनीत राहून त्यांनी टूथपेस्ट विकली होती आणि निवृत्त झाल्यावर त्याच आवाजात प्रभूची सेवा सुरू केली होती. सगळ्यांना ते ब्रदर आणि सिस्टर म्हणत. प्रत्येक वाक्याआधी डोळे मिटत.

"इथे टीका नाही," ते डोळे मिटून म्हणाले. "इथे फक्त स्वीकार आहे. कुणी आपली कला सादर केली, की आपण छातीवर हात ठेवायचा आणि एवढंच म्हणायचं, मला स्पर्श झाला."

मास्तरांचा चेहरा पडला. ते चादर-उशी घेऊन, दोन बस बदलून, ज्या एका वाक्यासाठी आले होते त्यावरच बंदी निघाली.

स्वीकार सुरू झाला. दाताच्या डॉक्टरांनी मातीचं मेंढरू केलं होतं. त्याला पाच पाय होते. पाचवा पाय म्हणजे शेपटी आहे, असा खुलासा नंतर झाला. सगळ्यांनी छातीवर हात ठेवले. सगळ्यांना स्पर्श झाला. मग कवयित्रीबाई उभ्या राहिल्या. त्या मंडळीच्या महिला संघाच्या अध्यक्षा, शिवाय मंडळीची प्रार्थनासाखळी त्यांच्याच फोनवरून चालायची. कुणाला ताप आला, कुणाची नोकरी गेली, की बाईंचा निरोप निघायचा आणि दीडशे फोनवर एकदम प्रार्थना सुरू व्हायची. त्यांच्याकडे एकशे चाळीस कविता होत्या, त्यांतल्या निवडक अकरा त्यांनी वाचल्या. अकराही कविता 'हे प्रभो' या शब्दांवर संपल्या. बाकीच्या एकशे एकोणतीस कशावर संपत असतील याचा विचार करत मास्तरांनी छातीवर हात ठेवला आणि आपल्यालाही स्पर्श झाल्याचं सांगितलं. त्या शिबिरातलं त्यांचं हे पहिलं खोटं.

चहाच्या वेळेला मास्तरांची पाळी आली. त्यांनी वही उघडली. आधी कुणाची तरी मापंच निघाली, तेव्हा त्यांनी वही उलटी केली.

गोष्ट अशी होती. एक घड्याळं दुरुस्त करणारा माणूस आहे आणि तोच गोष्ट सांगतोय. एका दुपारी त्याची बायको ट्रंक भरते, हमाल बोलावते आणि निघून जाते. हा त्याच खोलीत, डोळ्याला भिंग लावून, एका जुन्या घड्याळाचं चाक बसवत असतो. त्याला वाटतं, शेजारी कोणीतरी सामान हलवतंय. संध्याकाळी घड्याळ चालू होतं, हा आनंदाने तिला हाक मारतो, आणि घर गप्प. मग तो दाराच्या पायरीवर बसून ढसाढसा रडतो. संपली.

वाचून झालं आणि हॉलमध्ये कोणी हललं नाही. मास्तरांनी मान वर केली. आता नियम मोडून कोणीतरी बोलेल, असं त्यांना मनापासून वाटलं. निदान एक तरी म्हणेल की सुरुवात लांबली. शेवट बरा जमला. काहीतरी.

कवयित्रीबाईंनी पदर डोळ्यांना लावला होता. शिबिरप्रमुख उठले, सावकाश चालत आले आणि मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ब्रदर, किती वर्षं हे एकट्याने वाहत होतात?"

मास्तरांना वाटलं, लिहिण्याबद्दल विचारताहेत. "वीस," ते म्हणाले.

"वीस वर्षं!" हॉलभर हळहळ पसरली.

इथे जरा थांबून सांगायला हवं, नाहीतर ही माणसं वेडी वाटतील. ती वेडी नव्हती. चर्चच्या सवयीची होती. या मंडळीत दर रविवारी कोणी ना कोणी उठून साक्ष द्यायचं. मी दारू प्यायचो, प्रभूने सोडवलं. मी कर्जात होते, प्रभूने वाट दाखवली. लहानपणापासून त्यांनी हेच ऐकलं होतं. माणूस चारचौघांत उभा राहून 'मी' म्हणाला, की तो स्वतःबद्दलच बोलतोय आणि ते शब्द न् शब्द घडलेलं आहे, यात त्यांना तिळमात्र शंका नसायची. 'मी' म्हणून दुसऱ्याच कुणाबद्दल तरी बोलता येतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. आणि गंमत म्हणजे त्यांनी शिबिर भरवलं होतं कथाकथनाचं.

"अहो, पण ती गोष्ट..." मास्तर म्हणाले.

"आमेन!" दाताचे डॉक्टर म्हणाले.

"तो घड्याळवाला आहे. मी शिंपी..."

"लाजेपोटी माणूस धंदा बदलून सांगतो," कवयित्रीबाई हुंदका आवरत बाजूच्या बाईंना म्हणाल्या. "पण डोळ्यांत सगळं दिसत होतं हो."

मग सगळे उठले आणि मास्तरांच्या डोक्यावर, खांद्यांवर, पाठीवर हात ठेवून प्रार्थना करू लागले. डॉक्टरांच्या हाताला लवंगेच्या तेलाचा वास येत होता. मास्तरांनी दोनदा उठायचा प्रयत्न केला, पण वरून दहा-बारा माणसांचं प्रेम दाबत होतं, त्यामुळे जमलं नाही. चहा निवला.

तो निवायच्या आत कवयित्रीबाईंचा निरोप प्रार्थनासाखळीवर गेलाही. बाई या बाबतीत फार काटेकोर. कुणाची खाजगी गोष्ट नावानिशी सांगायची नाही, हे त्यांचं तत्त्व होतं. त्यांनी लिहिलं, 'आपल्या एका ब्रदरची पत्नी त्यांना सोडून गेली आहे. नाव सांगणं योग्य नाही. ते शिवणकाम करतात. कळकळीने प्रार्थना करा.' मंडळीत शिवणकाम करणारा ब्रदर एकच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर शिबिरप्रमुखांच्या खोलीत गेले. प्रमुख उकडलेलं अंडं सोलत होते.

"साहेब, एक सांगायचं होतं. कालची गोष्ट मी रचलेली आहे."

"रचलेली म्हणजे?"

"म्हणजे घडलेली नाही. मनानेच लिहिली. माझी बायको घरीच असते. म्हणजे ड्यूटीवर असते, पण असते."

प्रमुखांनी डोळे मिटले. "ब्रदर, नाकारावंसं वाटणं साहजिक आहे. ती पहिली पायरी असते."

"नाकारत नाही हो मी! आज दुपारी येणारच आहे ती, बघा तुम्ही."

प्रमुखांनी डोळे उघडले आणि अंडं खाली ठेवलं. "म्हणजे काल इतके लोक रडले, ते कशाला?"

"गोष्टीला रडले."

"नाही, ब्रदर. ते तुमच्यासाठी रडले. घड्याळवाला नव्हताच असं कळलं, तर त्यांना काय वाटेल?"

"प्रभू स्वतः दृष्टांत सांगायचा," मास्तर म्हणाले. हे वाक्य त्यांनी पहाटेपासून घोकलं होतं. "दृष्टांतातली माणसं कोणत्या गल्लीत राहतात, असं कोणी विचारत होतं का?"

"प्रभूची गोष्ट वेगळी." वीस वर्षं टूथपेस्ट विकल्यामुळे प्रमुख सत्याच्या बाबतीत फार कडक होते. ते थोडे पुढे झुकले. "हे पाहा. महोत्सवी पुस्तकात 'जिवंत साक्षी' असा विभाग आहे. तुमच्यासाठी सहा पानं ठेवलीयत. फोटोसकट. रचलेल्या गोष्टींना पुस्तकात जागा नाही, कारण तसा विभागच नाही. दुपारी घरची मंडळी आली की तुम्ही स्टेजवर उभे राहा आणि काल वाचलंत तसंच वाचा. खोटं काही बोलू नका. खरंही काही बोलू नका. ज्याला जे समजायचं ते तो समजेल."

सहा पानं. फोटोसकट. मास्तर बाहेर आले आणि व्हरांड्यात नुसतेच उभे राहिले. त्यांचं एक अक्षर कधी छापलं गेलं नव्हतं. एकदा दुकानाच्या पावतीपुस्तकावर नाव छापलं होतं, तेही चुकीचं. नंतरच्या तासात सगळ्यांना डोळ्यांवर रुमाल बांधून चित्र काढायला लावलं. मास्तरांनी रुमालाआड तास काढला तो फोटोला कुठला शर्ट बरा दिसेल याचा विचार करण्यात. त्यांना स्वतःची थोडी शरम वाटली, पण विचार थांबला नाही. गोष्ट तर आपलीच आहे, ते स्वतःला सांगत होते. शब्द न् शब्द आपलाच. लोकांनी तिला साक्ष म्हटलं काय आणि कथा म्हटलं काय, शाई तीच.

तीन वाजता घरची मंडळी आली. सिस्टर बसमधून उतरून फाटकाच्या आत आल्या, तर कवयित्रीबाई धावत गेल्या आणि त्यांच्या गळ्यात पडल्या.

"परत आलात! प्रभूची स्तुती असो!"

"ड्यूटी दोनला संपली," सिस्टर म्हणाल्या.

मागून आणखी दोघी आल्या. एकीने हात धरला, दुसरीने गालावरून हात फिरवला, आणि क्षमा फार मोठी गोष्ट आहे असं सांगितलं. सिस्टर त्या तिघींसकट चालत मास्तरांपर्यंत पोचल्या आणि हळूच म्हणाल्या, "काल तो निरोप आला तेव्हा मी इंजेक्शन भरत होते. न वाचताच आमेन पाठवलं. मग वाचलं. मी तुम्हाला सोडून गेले म्हणून मीच प्रार्थना केलीय. तुम्ही इथे काय सांगितलंत?"

"गोष्ट वाचली."

"कुणाची?"

"कुणाचीच नाही. तू ऐक. मग बोल."

हॉलमध्ये आता खुर्च्या रांगांत मांडल्या होत्या. सिस्टर तिसऱ्या रांगेत बसल्या. त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन बायका बसल्या आणि दोघींनी त्यांचा एकेक हात ताब्यात घेतला. शिबिरप्रमुखांनी डोळे मिटून मास्तरांची ओळख करून दिली. दुखावलेलं हृदय, वीस वर्षांचं मौन, वगैरे. मास्तर वही घेऊन उभे राहिले आणि समोर पाहिलं. आपली बायको, जिने उभ्या आयुष्यात एक दिवस उशिरा बिल भरलं नाही की एक पेशंट उपाशी ठेवला नाही, ती शंभर डोळ्यांसमोर पळून गेलेली बाई म्हणून बसली होती, आणि दोन बायका तिला क्षमा करत होत्या.

मास्तरांना राग आला. त्यांना राग सहसा येत नसे, त्यामुळे तो कसा वापरायचा याची सवय नव्हती. आवाज जरा जास्तच चढला.

"वाचायच्या आधी सांगतो. ही साक्ष नाही. ही गोष्ट आहे. मी रचलेली आहे, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. माझी बायको मला सोडून कधी कुठे गेलेली नाही. ती ही इथे तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिचे हात सोडा."

बायकांनी हात सोडले. मास्तरांनी गोष्ट वाचली.

वाचून झाल्यावर एकानेही छातीवर हात ठेवला नाही. कोणालाच स्पर्श झाला नव्हता.

"म्हणजे पत्नी गेल्याच नव्हत्या?" दाताच्या डॉक्टरांनी विचारलं. त्यांच्या आवाजात इतकी निराशा होती की सिस्टर गेल्या असत्या तर बरं झालं असतं असं वाटावं.

"मी चाळीस जणांना सकाळचा नाश्ता सोडायला लावला," कवयित्रीबाई म्हणाल्या. "उपास केला लोकांनी! कुणासाठी?"

"घड्याळवाल्यासाठी," मास्तर म्हणाले. हे बोलायला नको होतं. प्रमुखांनी ताबडतोब सगळ्यांना उभं केलं आणि गीत सुरू केलं. गीत लांबलचक होतं, कडवी सात, आणि सातही होईपर्यंत मास्तरांकडे कोणी पाहिलं नाही. महोत्सवी पुस्तकातली ती सहा पानं पुढे मेंढराला मिळाली. फोटोत पाय पाचच दिसतात.

परतीच्या बसला वेळ होता. थांब्यावरच्या एका बाकावर मास्तर आणि सिस्टर बसले. पलीकडच्या बाकावर महिला संघातल्या चौघी बसल्या होत्या आणि इकडे बघायचं नाही असं ठरवून इकडे बघत होत्या. पुस्तक गेलं, मान गेला, आता गायनमंडळाचे झगेही दुसरीकडे जाणार असं दिसत होतं. पण मास्तरांच्या मनात खुटखुटत होतं ते वेगळंच. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"मग?"

"मग काय?"

"गोष्ट."

"बरी आहे," सिस्टर म्हणाल्या.

"नुसती बरी?"

"चांगली आहे हो. माणूस ऐकत राहतो. पण ती ट्रंक मला पटली नाही."

मास्तर सरसावून बसले. वीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्या गोष्टीत नेमकं बोट ठेवलं होतं. आनंदाने त्यांच्या अंगावर काटा आला. "ट्रंकेचं काय बिघडलं?"

"घर सोडणारी बाई ट्रंक भरत नाही. ट्रंक भरली की हमाल आला, हमाल आला की शेजारी दारात आले. ती आपली रोजचीच पिशवी घेते. दोन कपडे, नोकरीचे कागद, जास्तीचा चष्मा, बस. भांडी घासून पालथी घालते. आणि आदल्या दिवशी दूधवाल्याला सांगते, उद्यापासून अर्धा लिटर कमी टाक."

"दूधवाला कुठून आला मध्येच?"

"एक माणूस कमी झाल्यावर दूध नासणार नाही का? नवरा काही तापवून ठेवणारा नाही."

मास्तर हसले. हे त्यांच्या गोष्टीत असायला हवं होतं, आणि त्यांना कधीच सुचलं नसतं. "हे तुला कसं माहीत?"

सिस्टरांनी समोरच्या रस्त्याकडे पाहिलं. "तुम्ही स्टेजवर म्हणालात ना, माझी बायको मला सोडून कधी कुठे गेली नाही. तेवढं चुकीचं होतं."

मास्तरांना आधी वाटलं, थट्टा करतेय. मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"मुलीचं लग्न झालं, त्याच्या पुढच्या महिन्यात," सिस्टर म्हणाल्या. वॉर्डात नातेवाइकांशी बोलतात तशा, सावकाश आणि स्पष्ट. "अकरा वर्षं झाली. ती गेल्यावर घरात बोलायला कोणी उरलं नाही. तुम्ही यायचात, जेवायचात आणि त्या टेबलाशी बसायचात. मी एकदा मुद्दाम दिवस मोजले. सलग नऊ दिवस तुम्ही मला मीठ सोडून काही मागितलं नव्हतं. दहाव्या दिवशी मी बहिणीकडे गेले. तीन दिवस होते."

"तू तर जादा ड्यूटी..."

"तशी चिठ्ठी ठेवली होती. म्हटलं, आल्यावर काही विचारलंत तर खरं सांगू. तुम्ही विचारलंच नाहीत."

मास्तरांना ती चिठ्ठी आठवत नव्हती. ते तीन दिवसही आठवत नव्हते. दूध मात्र आठवलं. सकाळी पातेल्यात दूध कमी दिसलं होतं, एकदा नव्हे, तीनदा. बायको घरात नाही हे ज्यांना जाणवलं नाही, त्यांना दूध कमी आल्याचं बरोबर जाणवलं होतं. चौथ्या दिवशी जिन्यात उभं राहून त्यांनी दूधवाल्याला चोर म्हटलं होतं. सिस्टर मागे दारात उभ्या होत्या. तो बिचारा एकदा सिस्टरांकडे बघून गप्प राहिला होता, आणि मास्तरांना वाटलं होतं, चोरी पकडली म्हणून गप्प बसला.

त्यांना इतकी लाज वाटली की तोंड कुठे लपवावं कळेना. डोळे भरून आले आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

"डोळे पुसा," सिस्टर म्हणाल्या. "त्या चौघी बघताहेत. इकडे आल्या तर पुन्हा सुरू होतील."

मास्तरांनी डोळे पुसले. "परत का आलीस मग?"

"बहिणीचा नवरा. दिवसभर बोलतो हो तो. तिसऱ्या दिवशी वाटलं, न बोलणारा परवडला." त्या हसल्या. मास्तरांना हसता आलं नाही. थोड्या वेळाने सिस्टरही हसायच्या थांबल्या आणि त्यांनी मास्तरांच्या बाहीवरचा एक दोरा काढून टाकला.

"मी विचारायला हवं होतं," मास्तर म्हणाले.

"हो," सिस्टर म्हणाल्या.

बस आली. चौघी बायका आधी चढल्या. मग सिस्टर चढल्या आणि पायरीवरूनच मागे वळल्या, काहीतरी राहून गेलेलं आठवावं तशा.

"आणि तो तुमचा घड्याळवाला त्याच संध्याकाळी पायरीवर बसून रडतो ना, तेवढं बदला."

"का?" मास्तरांनी खालून विचारलं.

"इतक्या लवकर कळत नाही हो त्याला."